चार नंबरची सुपारी

१

दसऱ्याच्या सकाळी पावणेदहा वाजता रहाटणीतल्या एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरून बुद्धरत्न ओव्हाळ दोरीने खाली आला. यायला हवा होता अर्ध्या मिनिटात. आला तीन-चार सेकंदांत. खाली दुचाक्यांसाठी पत्र्याची शेड होती म्हणून जीव वाचला. कंबरेचं हाड आणि दोन्ही पाय मोडले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको भाग्यश्री सांगवीला माझ्या दारात उभी राहिली. शाळेत शिकवते, आवाज नेहमी वर्गात असल्यासारखा. त्या दिवशी मात्र तिला धड बोलता येत नव्हतं.

"ताई, ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. एकच म्हणतात, माझाच ब्रेक धरला नाही. चार वर्षांचं काम खोटं निघालं म्हणतात. पाय गेल्याचं त्यांना काहीच नाही. तुम्ही एकदा ते यंत्र बघा."

"मी रिटायर झालेली बाई. पोलीस आहेत ना?"

"पोलिसांनी अपघात लिहिलाय. आणि तुम्हीच पास केला होता ना तो ब्रेक?"

बरोबर बोलली. झोंबलंच मला.

मी सुमन पाचारणे. पिंपरीतल्या एका कंपनीत सव्वीस वर्षं माल तपासायचं काम केलं. कारागीर मला पाठीमागे रिजेक्शनबाई म्हणायचे, काही तोंडावरही म्हणायचे. साचे-सुटे भाग घडवणाऱ्या टूलरूममधल्या दोनच माणसांचा माल मी डोळे झाकून पास करायची, सयाजी कड आणि बुद्धरत्न. एकाने खाच पाडावी, दुसऱ्याने खिट्टी घडवावी आणि दोन्ही पहिल्या फटक्यात बसाव्यात. टूलरूम बंद झाली तेव्हा सयाजीने चाकणजवळच्या आपल्या शेतात शेड टाकली आणि दोघांनी मिळून 'सुखरूप' बनवलं.

स्टीलच्या जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. इमारतीला आग लागली की बाल्कनीच्या कठड्याला अडकवायचं, पट्टा छातीला बांधायचा आणि बाहेर लोंबकळायचं. आतला ब्रेक दोरी बेताबेताने सोडतो आणि माणूस सावकाश जमिनीवर टेकतो. वीज लागत नाही.

भांडण होतं ते फक्त ब्रेकवरून. बुद्धरत्नाचा कोरडा ब्रेक, गोल भांड्याला आतून घासणारा. सयाजीचा तेलाचा, बंद डब्यात घट्ट तेल भरलेला. दोन वर्षं दोघांनी एकमेकांचं डोकं खाल्लं. शेवटी जूनमध्ये मला बोलावलं, म्हणाले, ताई म्हणेल ते खरं. मी दोन्ही दोनशे वेळा चालवून बघितले. तेलाचा ब्रेक तापला की ढिला पडायचा. मी कोरडा पास केला. सयाजी हसला आणि म्हणाला, "ताईंचा निकाल. विषय संपला."

मला वाटलं, खरंच संपला.

२

आधी रहाटणी गाठली. यंत्र अपघाताच्या दिवसापासून सोसायटीच्या ऑफिसात कुलपात होतं. सेक्रेटरी दादासाहेब एका पायावर तयार असणारे गृहस्थ, सोसायटीसाठी यंत्र घ्यायचं म्हणून प्रात्यक्षिक त्यांनीच ठेवलं होतं, पण अपघात झाल्यापासून घाबरलेले. माझी सही घेतल्याशिवाय त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीला हात लावू दिला नाही.

"आधी वाळूचं पोतं सोडणार होते ना?" मी विचारलं. त्या दोघांचा नियमच होता, आधी पोतं, मग माणूस.

दादासाहेबांनी मान खाली घातली. "मीच नको म्हणालो हो. दसरा, लॉबीत रांगोळ्या काढलेल्या आणि त्यांचं पोतं गळत होतं. म्हटलं, वाळू लिफ्टमधून नेऊ नका. मग ते ओव्हाळच म्हणाले की राहू द्या, मीच उतरतो. त्यांना दुपारी देहूरोडच्या विहारात जायचं होतं, धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम होता. पांढरे कपडे घालूनच आले होते."

त्यांनी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. चौथ्या मजल्याची बाल्कनी. बुद्धरत्न हसतोय. सयाजी त्याच्या छातीवरचा पट्टा आवळतो, दोनदा ओढून बघतो, खांद्यावर थाप मारतो. मागे सयाजीचा पुतण्या दिग्विजय लोकांना माहिती सांगतोय. मग बुद्धरत्न कठड्यापलीकडे जातो. पुढचं मी बघितलं नाही.

"इतकी काळजी घेऊन असं व्हावं," दादासाहेब म्हणाले.

यंत्र घेऊन चाकणला पोचेपर्यंत दुपार झाली. तळेगाव चौकात कंटेनरांच्या रांगेत पाऊण तास गेला. शेडमध्ये तिघं होती. सयाजी, डोळे सुजलेले. दिग्विजय, तिशीतला, विक्रीचं बघणारा, सारखा मोबाइलकडे बघत. आणि कौशल्याबाई, बीडकडची, पॅकिंग आणि झाडलोट करणारी, साठीची बाई.

सयाजीने माझे हात धरले. "ताई, बरं झालं आलात. मला झोप न्हाई. त्यो बोलतच न्हाई माझ्यासंगं."

मी दिग्विजयला बाजूला घेतलं. "नवमीच्या संध्याकाळी यंत्र कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे. पाच वाजता इथून उचललं, गाडीच्या डिकीत ठेवलं. सकाळी थेट रहाटणी."

"मध्ये कुणी उघडलं?"

"मला उघडता येतं का ताई? मी स्क्रू उलटा फिरवणारा माणूस." तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने घाईघाईने बंद केला, पण पडद्यावरचं नाव मी वाचलं होतं. चाकणच्याच एका मोठ्या कंपनीचं भरती खातं.

"कधी चाललास सोडून?"

त्याचा चेहरा उतरला. "काकांना सांगू नका. पुढच्या महिन्यात. पण देवाशपथ, मी यंत्राला हात लावला नाही."

शपथांवर मी कधी माल पास केलेला नाही. मी म्हटलं, "यंत्र उघडायचंय. चार नंबरची ॲलन की द्या."

३

सयाजीने हत्यारांचा ट्रे पुढे ओढला. सगळ्या हत्यारांवर खंडेनवमीच्या पूजेची हळद-कुंकवाची बोटं अजून तशीच होती. ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी खाचेच्या स्क्रूंच्या किल्ल्यांचा, संच रबरी पट्टीत खोचलेला. सात किल्ल्या. सहा पिवळ्या-तांबड्या, चार नंबरची तेवढी लख्ख. पट्टीजवळ एक सुपारी घरंगळत होती. सयाजीने ती उचलून कोपऱ्यात टाकली. "पूजेची ऱ्हायली."

डब्याच्या झाकणाला चार स्क्रू होते. झाकणावर मधोमध कुंकवाचा टिळा, आणि हळदीची चार बोटं झाकणावरून खाली अंगावर ओढलेली. पिशवीत घासून ती पुसट झाली होती. उघडण्याआधी मी झाकणावरून अंगावर एक पेन्सिलची रेघ मारून घेतली. झाकण परत जसंच्या तसं बसावं म्हणून असं करायचं असतं. हे या दोघांना मीच शिकवलं होतं.

झाकण निघालं. कोरड्या ब्रेकमध्ये तेल. घासणाऱ्या पट्ट्या तेलाने माखलेल्या. असा ब्रेक माशीलाही धरणार नाही.

"तेल?" दिग्विजय म्हणाला. "आत तेल कसं जाईल?"

सयाजी हळूच कौशल्याबाईंकडे वळला. बाईंनी तोंडावर पदर घेतला होता.

"मावशी दर खंडेनवमीला समद्या हत्यारांना तेलाचा हात लावत्यात," सयाजी म्हणाला. "गंज चढू नये म्हणून. मग हळद-कुंकू. बुद्धरत्न पूजेला थांबत न्हाई, त्यो असता तर यंत्राला लावू दिलं नसतं. फटीतनं आत गेलं आसंल. जाऊ द्या ताई. भक्तीनं केलंय तिनं. म्हातारीला कुणी बोलू नका."

कौशल्याबाई मटकन खाली बसल्या. "या हातानं म्या माणूस पाडला व ताई! मला काय म्हाईत, त्येला तेल चालत न्हाई म्हणून!" आणि आपलेच हात जमिनीवर आपटू लागल्या. सयाजीनेच त्यांना धरलं, पाणी पाजलं.

कोडं सुटलं होतं. कुणाचंच वाईट मनात नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? मी पेन्सिलच्या रेघेला रेघ जुळवून झाकण बसवलं, बोटाचं तेल रुमालाला पुसलं आणि यंत्र घेऊन घरी आले. सकाळी बुद्धरत्नाला सांगायचं ठरवलं. तुझा ब्रेक चांगला होता, बाबा. एका भाबड्या बाईची चूक झाली.

ते सांगायला मी गेलेच नाही, कारण सकाळी मी डोक्याला तेल लावायला बसले.

४

खोबरेल तेलाची बाटली उघडली आणि वास नाकात शिरला. हात तसाच राहिला. कौशल्याबाई हत्यारांना काय लावत असतील? तेच, जे त्या केसांना लावतात आणि निरांजनातही घालतात.

कालचा रुमाल शोधला. तेलाचा डाग होता, बुळबुळीत, पाण्यासारखा पारदर्शक. नाकाला लावला, वासच नाही. खोबरेलाला वास नाही असं कधी होतं का? बिनवासाचं असलं घट्ट तेल मी एकाच ठिकाणी पाहिलं होतं. जूनमध्ये, सयाजीच्या ब्रेकमध्ये.

आता ते तेल शेडच्या फळीवर उघडं पडलेलं असतं, कुणीही घेऊ शकतं. उगाच कुणावर बोट ठेवायचं नाही म्हणून मी यंत्र खिडकीत उजेडात घेतलं. माझी पेन्सिलची रेघ झाकणावरून अंगावर सरळ उतरली होती. म्हणजे झाकण मी उघडताना होतं तसंच बसलं होतं. पण हळदीची बोटं? झाकणावरच्या चार पुसट रेघा कडेपाशी येऊन तुटत होत्या. त्यांच्या खाली अंगावर काहीच नव्हतं. अंगावरच्या रेघा पाव फेरा पलीकडे सुरू होत होत्या.

मी दोनदा फिरवून बघितलं. झाकण पाव फेरा फिरवलं की रेघा जुळत.

याचा अर्थ एकच. बोटं ओढली तेव्हा झाकण एका जागी होतं. नंतर कुणीतरी ते उघडलं आणि खूण न करता दुसऱ्या भोकांवर बसवलं. पूजेच्या नंतर. कौशल्याबाईंचं तेल पूजेच्या आधीचं. बिचारीने हात आपटून घेतले होते ते फुकट.

आणि मग त्या लख्ख चार नंबरच्या किल्लीने मला दिवसभर छळलं. सगळ्या हत्यारांना हळद, मग हिलाच का नाही? पुसली म्हणावं, तर एकटी तीच कोण पुसतं?

५

कौशल्याबाई शेडमागच्या खोलीत राहतात. दुसऱ्या दिवशी गेले तर चूल थंड. दोन दिवस पोटात काही नव्हतं. मी आधी चहा करायला लावला, मग सांगितलं की तेल तुमचं नव्हतं. त्यांना खरंच वाटेना. रुमाल हुंगायला दिला तेव्हा त्या मोठ्याने रडल्या.

"आता नवमीचं सगळं नीट सांगा. पूजेनंतर हत्यारं कुठं होती?"

"तिथंच की ताई, चौरंगावर. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कुणी उचलत न्हाई, इकायच्या यंत्राचं चालतं. सयाजीमालक तर लईच पाळत्यात. एका साली त्येंच्या पायात खिळा घुसला, तरी पक्कड उचलू दिली न्हाई."

"मग ती चार नंबरची किल्ली? तिला हळद नाही."

"ती पूजेत नव्हतीच. हरवली व्हती."

"कोण म्हणालं?"

"मालक. पूजा मांडताना म्या मोजलं, तर संच अपुरा. अपुरं कसं पुजावं? तर मालक म्हनले, चार नंबरची हरवलीय, तिच्या जागी सुपारी ठेव. देव नसला तर सुपारी मांडतो, तसं. म्या ठेवली."

माझ्या हातातला चहा निवून गेला.

"मावशी, पूजेनंतर शेडमध्ये कोण थांबलं?"

"समदे दुपारीच गेले, दिग्विजयदादा पाचला यंत्र न्यायला तेवढे आले. मालक म्हनले, तू जा, मी दिवा बघतो."

मी कप खाली ठेवला आणि उठले. सव्वीस वर्षं मी ज्याच्या मालाला गेज लावला नाही, त्याच्या दारात आता मला जायचं होतं.

६

सयाजी लेथजवळ स्टुलावर बसला होता. दिग्विजय फोनवर होता, त्याला मी बाहेर पाठवलं. सयाजीसमोर तीन वस्तू ठेवल्या. रुमाल, यंत्र आणि कोपऱ्यातून उचलून आणलेली सुपारी.

"तेल तुझ्या ब्रेकचं आहे. पूजेनंतर झाकण उघडलंय. या दोन गोष्टी दिग्विजयनेही केल्या असत्या. पण त्याला उघडायचं असतं तर त्याने चौरंगावरची किल्ली सरळ उचलली असती. त्याला कसलं आलंय खंडेनवमीचं सोवळं? पूजेच्या आधीच किल्ली बाजूला काढून ठेवील असा या शेडमध्ये एकच माणूस आहे. पुजलेल्या हत्याराला हात लावायला ज्याचा जीव धजत नाही तो. हरवली होती म्हणालास. मग परवा ती संचात कुठून आली, सयाजी?"

तो सुपारीकडे बघत राहिला. 

"पोतं पडणार व्हतं, ताई," तो शेवटी म्हणाला. "देवाशपथ. चार लोकांम्होरं पोतं आपटलं असतं, वाळू सांडली असती, बास. मग त्यानं माझा ब्रेक मानला असता. तुमी एका दिसात निकाल दिला. मी म्हणालो विषय संपला. पण माझ्यात न्हाई संपला. यंत्र माझ्या जमिनीवर, माझ्या शेडमध्ये, आन् त्याच्या आत ब्रेक त्याचा."

"आणि पोत्याच्या जागी माणूस उभा राहिला तेव्हा?"

त्याने सुपारी बोटाने दूर ढकलली.

"तेव्हा तोंड का उघडलं नाहीस? पट्टा तू आवळलास. दोनदा ओढून बघितलास. मी व्हिडिओत बघितलंय, सयाजी. मला वाटलं, काय जीव आहे यांचा एकमेकांवर!"  मी या माणसाच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभी राहिले होते.

"तोंडाशी आलं व्हतं," तो म्हणाला. "समदे बघत व्हते. वाटलं, चार मजल्यांचं काय, थोडा तरी धरंल. पट्टा नीट असला तर वाचंल. म्हणून आवळला."

"आणि नंतर त्या म्हातारीच्या माथी मारलंस."

"तिला कुनी काई करणार नव्हतं."

मी म्हटलं, "पोलिसांत मी उद्या सकाळी जाणार आहे. त्याआधी तू माझ्याबरोबर चल. बुद्धरत्नाला मी सांगणार नाही. तू सांगायचंस."

दवाखान्यात पोचलो तेव्हा भेटायची वेळ चालू होती. भाग्यश्री खाटेशेजारी बसली होती. सयाजी दारातच थांबला. आत पाऊल टाकेना, मागेही फिरेना. तिथूनच, जमिनीकडे बघत, त्याने सगळं सांगितलं. तेल, किल्ली, पोतं. एकही गोष्ट लपवली नाही, तेवढं मी त्याच्या बाजूने लिहिते.

बुद्धरत्नाने भिंतीकडचं तोंड फिरवलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"म्हणजे ब्रेक चांगला होता?" त्याने मला विचारलं.

"चांगला होता. मी आजही पास करीन."

त्याने डोळे मिटले. दोन्ही कडांनी पाणी वाहिलं ते त्याने पुसलं नाही. मग म्हणाला, "पण याचंही बरोबर आहे, ताई. तेल आत गेलं की माझा ब्रेक संपतो. ते मी धरलंच नव्हतं. लोकांच्या घरात यंत्र पडून राहणार, कुणीतरी प्रेमाने तेल घालणारच. झाकण बंदच करायला हवं होतं, कायमचं." तो सयाजीकडे वळला. "एवढंच सांगायचं होतं ना तुला? मग बोलायचं की, राव. चहा पिताना बोलायचं. मीच दोन थेंब टाकून बघितले असते."

सयाजीने दाराची चौकट धरली. मला वाटलं, आता हा आत येईल आणि तो याला जवळ घेईल. वीस वर्षांची मैत्री, असं मनात आलं माझ्या.

"एकच सांग," बुद्धरत्न म्हणाला. "पट्टा बांधताना मी तुला म्हणालो, जरा सैल कर, श्वास अडकतोय. तू म्हणालास, असू दे, घट्टच बरा. तेव्हा तुला माहीत होतं?"

बाहेर कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. सयाजीने वर बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.

बुद्धरत्नाने त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

"भाग्यश्री," तो म्हणाला, "दार लावून घे."